ऊन कमी येतं म्हणून थांबू नका

नमस्कार मंडळी, आज बोलूया कुंडीतल्या सॅलडच्या पानांबद्दल, म्हणजे लेट्यूस, अरुगुला, कोवळा पालक वगैरे. बाल्कनीत ऊन कमी येतं म्हणून बरेच जण नादच सोडून देतात. अहो, पण ह्या पानांना तेच मानवतं! टोमॅटोला सहा-आठ तास ऊन लागतं, लेट्यूसला चार तासही पुरतं आणि ते सकाळचं कोवळं असेल तर फारच छान.

दुपारचं कडक ऊन मात्र टाळाच, कारण उष्णता वाढली की रोप पानं सोडून फुलायच्या मागे लागतं, मधून उंच दांडा काढतं, आणि तो मोडून बघा, पांढरा चीक येतो, पानांचा कडूपणा त्या चिकातलाच. मग कितीही पाणी घाला, ती चव काही परत येत नाही.

कुंडी खोल नको, पसरट घ्या, 15 सेंटिमीटर माती भरपूर झाली, फक्त तळाला भोकं हवीतच. नुसती बागेतली माती भरू नका, ती कुंडीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही, त्यापेक्षा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं, म्हणजे वजनालाही हलकं.

आता बी. लेट्यूसच्या बऱ्याच जातींच्या बियांना रुजायला उजेड लागतो, खोल पुरलं की संपलं. ओल्या मातीवर भुरभुरायचं, वरून चिमूटभर कंपोस्ट आणि पाणी स्प्रेनेच, नाहीतर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जातं. 30 अंशांच्या वर तापमान गेलं की बी नीट उगवत नाही, तेव्हा गरम दिवसांत रुजेपर्यंत कुंडी थंड सावलीत ठेवा आणि कोंब दिसले की लगेच उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात.

गड्डा धरणारी जात नको, सुट्ट्या पानांची घ्या. पानं बोटभर झाली की कात्रीने बाहेरची बाहेरची कापायची, मधला कोंब शाबूत ठेवायचा, रोप परत फुटतं. उपटायचं नाही हो! आणि सगळं बी एकदम पेरू नका, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पेरा, म्हणजे एक कुंडी दमेपर्यंत दुसरी तयार होते.

पानं उलटी करून बघत जा, मावा नावाची बारीक कीड तिथेच लपते. दिसली की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, औषध मारायला जाऊ नका, ही पानं आपण कच्ची खातो.