पावणेआठ तास म्हणजे ७.४५ नव्हे

(औद्योगिक वसाहतीतल्या टाइम ऑफिसात आणि पगारपत्रकावर काम करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, फळ्यावर मी एकच आकडा लिहिलाय : ७.४५. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो मनात 'सात तास पंचेचाळीस मिनिटं' असा वाचला असेल. कॅल्क्युलेटर मात्र तो सात तास सत्तावीस मिनिटं असा वाचतो, कारण तासाचे शंभर भाग करून त्यातले पंचेचाळीस घेतले की सत्तावीसच मिनिटं होतात. अठरा मिनिटं गेली, आणि कुणी चोरली म्हणावं तर चोर नाही.

हिशेबाला सोपा पगार घेऊ. महिना १५,६०० रुपये, २६ दिवस, म्हणजे रोज ६०० आणि आठ तासांच्या हिशेबाने ताशी ७५. तासावर काम करणाऱ्या माणसाने रोज पावणेआठ तास भरले आणि तुम्ही रोज ७.४५ लिहिलंत, तर महिन्याला ४६८ मिनिटं, म्हणजे ७ तास ४८ मिनिटं उडाली. रुपयात ५८५. जवळजवळ एक अख्खी हजेरी. पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) पाठ असलेल्या जुन्या मुनीमजींच्या हातून ही चूक झाली नसती. पाऊण म्हणजे पाऊणच, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

ही चूक नेहमी एकाच दिशेला जाते. मिनिटं दशांशात भरली की जे मोजताय ते घटतं. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, मोजत असाल तर कामगाराचं नुकसान, उशीर मोजत असाल तर मालकाचं. त्यामुळे 'कधी इकडे, कधी तिकडे, वर्षाअखेर बरोबर होतं' असं म्हणून सोडून देता येत नाही.

एक्सेलची गंमत वेगळी. तिथे ८:३० लिहिलं की आत साठवला जातो दिवसाचा अपूर्णांक. साडेआठ तासांचे २६ दिवस म्हणजे २२१ तास. पण साधी बेरीज मारली तर खाली दिसतं ५:००, कारण चोवीस तास झाले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि नऊ दिवस पोटात गडप होतात. रकान्याचं स्वरूप बदलून तासाचं अक्षर चौकटी कंसात, [h] असं, टाकलं की २२१:०० दिसतं. तरी थेट ७५ने गुणू नका. ६९० रुपये ६३ पैसे येतील, कारण गुणाकार तासांचा नाही, दिवसांचा झाला. आधी २४ने गुणा, मग दराने. १६,५७५ येतात. माझ्या मते याहून सोपी वाट म्हणजे पंच (मशीनवर येण्याजाण्याच्या वेळेची नोंद) होताच सगळं पूर्ण मिनिटांत मांडायचं, शेवटपर्यंत मिनिटंच ठेवायची, आणि एकदाच, अगदी शेवटी, रुपये करायचे. पूर्णांक करायचा तो पैशांचा, वेळेचा नाही.

आता ओव्हरटाइम. मी आकडे १९४८ च्या जुन्या कारखाने अधिनियमातले घेतोय, कारण अनेकांच्या संगणकात अजून तेच भरलेले आहेत. नव्या श्रमसंहितेत दिवस आठ तासांचा धरलाय, राज्यांच्या मर्यादाही बदलताहेत. तुमच्या आस्थापनेला आज जी लागू असेल ती घ्या. दर दोन्हीकडे दुप्पटच आहे, आणि मोजायची रीतही तीच.

जुन्या अधिनियमाचं कलम ५९ म्हणायचं : कुठल्याही दिवशी नऊ तासांवर, किंवा कुठल्याही आठवड्यात ४८ तासांवर काम केलं, की दुप्पट. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा. महिन्याचे २०८ तास धरून त्यावर जे उरेल ते ओटी, अशी पद्धत मी कितीतरी ठिकाणी पाहिली. समजा सोमवारी एकजण बारा तास थांबला, मंगळ ते शुक्र आठ-आठ तास आला आणि शनिवारी खाडा केला. आठवड्याचे झाले ४४. महिन्याची पद्धत म्हणते, ओटी नाही. कायदा म्हणतो, सोमवारचे तीन तास दुप्पट, ४५० रुपये, ते शनिवारच्या खाड्यात बुडवता येत नाहीत. खाड्याचा पगार कापा, तो वेगळा हिशेब. उलट, दुसरा एकजण सहाही दिवस पावणेनऊ तास करतो. नऊची रेघ एकाही दिवशी ओलांडली नाही, पण आठवडा भरला साडेबावन्न तासांचा. साडेचार तास दुप्पट, ६७५ रुपये. एकच तास दोनदा मोजायचा नसतो, म्हणून मी दिवसावरून आणि आठवड्यावरून असे दोन्ही आकडे काढतो आणि मोठा असेल तो देतो. आणि दुप्पट फक्त मूळ वेतनाची नव्हे, भत्त्यांसह. बोनस त्यात धरत नाहीत.

लेटमार्कवर मला जरा कडक बोलायचंय. 'तीन लेटमार्क, अर्धा दिवस कट' अशी पाटी गेटवर लावलेली असते. १९३६ च्या जुन्या वेतन प्रदान अधिनियमातलं कलम ९ सांगायचं, आणि आता त्याच्या जागी आलेली वेतनसंहिताही सांगते, की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. दहा मिनिटं उशीर म्हणजे साडेबारा रुपये. तीनदा झाला तर साडेसदतीस. अर्ध्या दिवसाचे तीनशे कुठून आणले? शिस्त लावायची असेल तर स्थायी आदेश (आस्थापनेचे कामाचे आणि शिस्तीचे लेखी नियम) आहेत, नोटीस आहे, खुलासा आहे, आणि दंडालाही तीन टक्क्यांची मर्यादा आहे. ते काम पगारपत्रकाच्या गळ्यात घालू नका.

त्याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे मशीनला पाव तासाची सेटिंग. ९:०४ ला आला की ९:१५, ६:१३ ला गेला की ६:००. येताना पुढे ढकलायचं, जाताना मागे ओढायचं. रोज दहाच मिनिटं अशी गेली तरी चाळीस माणसांची महिन्याला १०,४०० मिनिटं होतात, साध्या दरानेसुद्धा १३,००० रुपये. हेही खरं की पंचची वेळ म्हणजे कामाची वेळ नव्हे. पावणेनऊला येऊन चहा पीत बसलेल्याचा पगार कुणी मागत नाही. पण पाळी ताब्यात घ्यायला सुपरवायझर दहा मिनिटं आधी बोलावत असेल, तर ती दहा मिनिटं कामाचीच.

कुणाला वाटेल, मिनिटांवरून एवढं काय? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचं घड्याळ ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटं होतं, प्रमाणवेळ साडेपाच तासांची. फरक ३९ मिनिटांचा. घड्याळ पुढे सरकलं आणि भोंगा त्याच आकड्याला वाजू लागला, की सूर्याच्या हिशेबाने कामगाराला तेवढं लवकर गिरणीत हजर व्हावं लागणार. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवून दगडफेक केली होती.  मिनिटं माणसं तेव्हाही मोजत होती.

रात्रपाळीत सॉफ्टवेअर हमखास घसरतं. शुक्रवारी रात्री ११ ला आलेला माणूस शनिवारी सकाळी ९:२० ला सुटला. एकूण १० तास २० मिनिटं, अर्धा तास सुट्टी वजा, राहिले ९:५०. ओटी पन्नास मिनिटं, १२५ रुपये. तारखेने मध्यरात्री तुकडे केले तर शुक्रवारी एक तास आणि शनिवारी ८:५०, आणि ओटी गायब. त्याच जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. एक्सेलमध्ये वजाबाकी करताना नुसत्या जाळ्या (#####) दिसल्या तर सुटायच्या वेळेत एक दिवस मिळवा.

चुकलेला पंच दुरुस्त करताना मूळ नोंद पुसू नका. शेजारी नवी लिहा, सुपरवायझरची आणि त्या माणसाची सही घ्या. पगाराच्या पावतीवर ओटी तास आणि मिनिटांत छापा, म्हणजे त्याला घरी बसून ताळा करता येईल.

ज्यांनी मागच्या महिन्याचं पत्रक आणलंय, त्यांनी ओटीचा रकाना उघडा. त्यातले दशांशानंतरचे आकडे वरून खाली वाचत जा. दोन-अडीचशे नोंदींत ७५, ८३, ९२ असं एकदाही दिसलं नाही आणि सगळे आकडे ५९ च्या आतच राहिले, तर तुमच्याकडे तासांच्या रकान्यात मिनिटं भरली जाताहेत. मग आजपासून फरकाची यादी करायला घ्या.