बोलणारं इंटरनेट: लासलगाव ते ढाका

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू झाला, की ट्रॉलीजवळचा शेतकरी फोन आडवा धरून तोंडासमोर नेतो. अंगठा माइकच्या खुणेवर दाबलेला. "गोल्टी एवढ्याला गेली, सुपर एवढ्याला. आवक लई आहे, आज गाडी भरू नको." दहा सेकंद. अंगठा उचलला, की हा निरोप चांदवडला, येवल्याला, कांदा साठवायच्या चाळीपाशी थांबलेल्या भावाच्या हातात. (गोल्टी म्हणजे बारीक कांदा.) एक अक्षरही टाइप न करता.

आज बोलायचं आहे ते या दहा सेकंदांबद्दल. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि आपण, या सगळ्या दक्षिण आशियात इंटरनेट घराघरात शिरलं ते बरंचसं कानाच्या वाटेनं. हे नीट समजून घेतलं तर आपल्या हातातल्या फोनचे फायदेही कळतात आणि धोकेही.

भूतानचंच पाहा. तिथे टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही १९९९ साली आलं, मोबाइल त्यानंतर चार वर्षांनी. तिथली झोंखा भाषा तिबेटी वळणाच्या लिपीत लिहितात. अक्षरावर अक्षर रचत जायचं, त्यामुळे फोनवर टाइप करणं जिकिरीचं. मग वुईचॅट हे चिनी अ‍ॅप तिथे घरोघरी पोचलं, कारण त्यात बोट दाबून बोलता येत होतं. बांगलादेशात इमो नावाचं अ‍ॅप फार चाललं. आखाती देशांत कामाला गेलेला मुलगा आणि गावाकडची आई, मधे रडतखडत चालणारं नेटवर्क. त्यात जे अ‍ॅप टिकलं, ते लोकांनी धरलं.

आपली गोष्ट मिस्ड कॉलपासून सुरू होते. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्लीच्या दरम्यान झाला. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं एक रिंग म्हणजे "पोचलो", दोन रिंग म्हणजे "तूच लाव". आजही शेतातली मोटर याच युक्तीवर चालते. स्टार्टरच्या पेटीत मोबाइलचं सिम बसवलेलं असतं, घरून रिंग दिली की मोटर चालू. रात्री दोनला थ्री फेज आली तरी गोधडीतून बाहेर पडायला नको. यात बिघाड कशानं होतो? बऱ्याचदा मोटर चांगली असते, त्या सिमची मुदत संपलेली असते. तेव्हा पेटीच्या दाराला आतून रिचार्जची तारीख लिहिलेला कागद चिकटवा.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्याआधी जवळपास अडीचशे रुपयांना मिळणारा एक जीबी डेटा दहा-पंधरा रुपयांवर उतरला. आज आपल्या देशात माणूस महिन्याला सरासरी २० जीबीहून जास्त डेटा वापरतो. त्यातला मोठा वाटा व्हिडिओ खातो. एक मिनिटाचा आवाजी निरोप साधारण दीडशे केबीत बसतो, तर साध्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सात-आठ एमबी घेतो. म्हणजे पन्नास पट! पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात जिथे नेटवर्कची एकच काडी दिसते, तिथे व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो, पण आवाज निघून जातो. तिथल्या माणसाला मी हेच सांगेन, की पिकावरची कीड दाखवायची असेल तर व्हिडिओ पाठवू नका. एक स्पष्ट फोटो आणि त्याखाली वीस सेकंद बोलणं पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज आणि डेटा"त जाऊन मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

बोलण्याचंही तंत्र आहे. फोनचा माइक म्हणजे खालच्या कडेचं ते बारीक छिद्र. बोट त्यावर येतं आणि मग "आवाज येत नाही" अशी तक्रार होते. छिद्रापासून चार बोटं अंतर ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा. छिद्रात माती बसली तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. टाचणी घातली तर आतला पडदा फाटतो. आणि भाव सांगताना आकडा दोनदा सांगा, एकदा "साडेसतराशे" आणि एकदा "एक हजार सातशे पन्नास". कलकलाटात पावणेसतराशे आणि साडेसतराशे यांची गल्लत होते आणि क्विंटलमागे पंचाहत्तर रुपयांचा फरक पडतो. गुगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठी बोलून टाइप करता येतं, तिथेही पाठवण्याआधी आकडे डोळ्यांखालून घाला.

आता पैशाकडे येऊ. बांगलादेशात २०११ पासून बिकाश ही सेवा आहे. तिच्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. साध्या फोनवर स्टार २४७ हॅश लावायचं, मेनू येतो, आकडे दाबायचे. रोख रक्कम घेणारा-देणारा एजंट म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदारच. तिथे विश्वास त्या ओळखीच्या माणसावर बसला. आपल्याकडे २०१६ ला यूपीआय आलं, तो विश्वास बँक खात्यावर टेकला आणि दुकानात तो बोलायला लागला साउंडबॉक्समधून. मेनरोडच्या भाजीवालीच्या गाडीवरचा तो डबा "पन्नास रुपये प्राप्त झाले" म्हणतो, त्यात स्वतःचं सिम असतं. म्हणून तिचा फोन बंद असला तरी डबा बोलतो. डबा गप्प राहिला तर गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चित्र पाहून माल देऊ नका. तसं चित्र दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. आपल्या खात्यात जमा दिसेपर्यंत थांबा.

ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठीही यूपीआयनं पैसे पाठवायची बोलणारी सोय आहे, हे फार कमी लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं. बँक खात्याला जोडलेल्या नंबरवरून ०८० ४५१६ ३६६६ हा क्रमांक लावा. भाषा निवडा, बँक निवडा. पहिल्यांदा पिन तयार करताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष विचारतील. कार्ड आधीच हातात ठेवा, शोधत बसलात तर कॉल तुटतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत पाठवता येतात. एक गाठ मात्र मारून ठेवा: हा फोन नेहमी आपण लावायचा. समोरून आलेल्या कॉलवर कुणी पिन मागितला, तर तो चोरच.

कारण आवाजावर माणूस लवकर विश्वास ठेवतो. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा फोनवरून फिरत होती. त्याच दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत, मुलांची काळजी घ्या हे सांगायला बनवलेला होता. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा सरहद्द ओलांडून इथे आला आणि खरा मानला गेला. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. निरोपावर दोन बाण दिसले तर समजा, तो आपल्याकडे येईस्तोवर बऱ्याच हातांतून गेला आहे.

अफवेची किंमत कांद्यातही मोजता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्यातबंदी उठल्याची बातमी पसरली. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला १२८० रुपये असलेला सरासरी भाव १९ तारखेला १८०० वर गेला. दुसऱ्याच दिवशी केंद्रानं सांगितलं, बंदी कायम आहे. बंदी उठली थेट ४ मे रोजी. निर्यातीचा निर्णय विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनं होतो, तिला क्रमांक आणि तारीख असते. क्रमांक नसलेल्या क्लिपवर चाळ फोडू नका आणि घाईनं भरूही नका.

आपला कांदा बांगलादेशात जातो, म्हणून तिथलं नेट बंद पडलं की झळ इथवर येते. १८ जुलै २०२४ ला आरक्षणविरोधी आंदोलनात तिथलं इंटरनेट तोडलं, मोबाइल डेटा २८ तारखेपर्यंत नव्हता. सीमेवर कस्टमचं काम संगणकावर चालतं, ते अडलं आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याला ट्रक उभे राहिले. तिकडे घरांत प्रीपेड वीजमीटर रिचार्ज करता येईना, लोक अंधारात बसले. नेपाळमध्ये ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं २६ समाजमाध्यमं बंद करायचा हुकूम काढला. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं गेली, ९ तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ज्या देशातली कितीतरी घरं परदेशी गेलेल्या मुलांशी याच अ‍ॅपवरून बोलतात, तिथे ती बंद करणं म्हणजे घराघरातला संवाद तोडणं होतं. माल पाठवणाऱ्यांनी यातून एवढं करावं, की पलीकडच्या व्यापाऱ्याचा साधा फोन नंबर वहीत लिहून ठेवावा. नेट गेलं तरी साधा कॉल बरेचदा लागतो.

शेवटचा मुद्दा बायकांचा आणि मला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. मोबाइल इंटरनेटच्या वापरात बाई आणि पुरुषातलं अंतर जगात ज्या भागांत सर्वांत मोठं आहे, त्यांत दक्षिण आशिया आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा फोन आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या मात्र ३३ टक्केच. फोन आहे, पण नेट नाही. दिंडोरीत द्राक्षांच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाणाऱ्या बाईला उद्या कोणत्या बागेत जायचं हे मुकादम फोनवर सांगतो, तो फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि निरोप तिला रात्री उशिरा मिळतो.

घरात फोन एकच असेल तर संध्याकाळी सात ते आठ तो तिच्या हातात द्या. तिच्या माणसांच्या चॅट वर पिन करून ठेवा, म्हणजे वाचता आलं नाही तरी फोटोवरून सापडतील. माइक दाबून बोलायचं, बोट वर सरकवलं की कुलूप लागतं आणि हात मोकळा राहतो, चुकलं तर पाठवायच्या आधी कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर दाबायचं. तीन वेळा करून दाखवा, चौथ्यांदा तिला करू द्या. आणि फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या. पैसे गेल्याबरोबर त्यावर फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, उशीर झाला की ती निसटते.

नमस्कार.