शेवटची चार अक्षरं

(दृश्य: महालातलं जुनं घर, माडीवरची खोली. खिडकीत कूलर, टेबलावर कॉम्प्युटर.)

मे महिना. नागपूरचा पारा ४५ च्या आसपास. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून दोन मित्र भांडताहेत.

"अबे, अनरियल आहे हा. लाइटिंग पाय ना!"

"काहून? युनिटीत लाइटिंग नाही होत का बे?"

समोरचा गेम कुठल्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या कुठल्या तयार सॉफ्टवेअरवर बनला, युनिटी की अनरियल, यावरून जुंपली आहे. पैज लागली आहे तर्री पोह्यांची.

पाहताहेत मात्र दोघंही भलत्याच जागी. पडद्यावर दिसतो तो चित्रकाराचा हात. इंजिनची खूण सापडते फोल्डरमध्ये. सुरुवातीला झळकणारी 'मेड विथ युनिटी' ही पाटी दिसली तर प्रश्न मिटला. पण दिसली नाही म्हणून युनिटी नाही, असं समजू नका. परवान्याचे पैसे भरणाऱ्यांना ती आधीही काढता यायची, २०२४ च्या युनिटी ६ पासून फुकट वापरणाऱ्यांनाही येते.

(दृश्य: माउस. फोल्डर उघडतं.)

हा 'हॉलो नाइट'. गेमच्या नावाला 'डेटा' अशी शेपटी लावलेलं फोल्डर. झालं, युनिटी! पुण्यात घडलेला २०२० चा 'राजी' अनरियलवरचा. अनरियलच्या गेममध्ये 'कंटेंट', त्यात 'पाक्स', आणि त्यात गलेलठ्ठ 'पाक' फायली. (साखरेचा नव्हे.) 'अंडरटेल' या गेममध्ये 'डेटा डॉट विन' ही फाइल दिसली की गेममेकर हे इंजिन. अँड्रॉइडची एपीके, म्हणजे अॅपची फाइल, तर साधी झिपच असते. गेम युनिटीचा असेल तर उघडून 'लिब' फोल्डरमध्ये डोकावलं की 'लिबयुनिटी डॉट एसओ' समोरच बसलेली असते.

फायली उचकण्याची ही खोड काही आजची नाही. 'व्हाइस सिटी' या जुन्या गेममध्ये आपल्या आवडीच्या गाड्या घुसवणाऱ्या पोरांना 'डीएफएफ' म्हणजे गाडीचा सांगाडा आणि 'टीएक्सडी' म्हणजे तिचा रंगरोगण, हे पाठ असायचं. या दोन्ही फायली रेंडरवेअर नावाच्या इंजिनच्या, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

इकडे महालात पंचाईत झाली आहे. भांडण ज्या गेमवरून, त्याच्या फोल्डरमध्ये एकच एक्सई, म्हणजे गेम चालू करणारी फाइल आहे. ना डेटा, ना पाक.

मग एक्सईच हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला मजकूर आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. आकड्यांच्या रांगाच रांगा. सरकत सरकत थेट तळाशी.

(दृश्य: पडद्याचा कोपरा, अगदी जवळून.)

४७ ४४ ५० ४३. उजवीकडच्या रकान्यात चार अक्षरं: जी, डी, पी, सी.

गोडो, म्हणजे तिसरंच इंजिन. या इंजिनमध्ये गेमचा सगळा ऐवज 'पीसीके' फाइलीत बांधतात, आणि हवं तर ती फाइल एक्सईच्याच पाठीला चिकटवता येते. तिची ओळखीची चार अक्षरं मग अशी अगदी शेवटी येऊन बसतात.

दोघंही पैज हरले. पोह्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे आम्ही कॅमेरा आवरून जिना उतरेपर्यंत ठरलं नव्हतं.