अठ्ठेचाळीस होमरन, पण कुठल्या बॅटनं?

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलबद्दल, आणि त्यातही फक्त बॅटिंगच्या आकड्यांबद्दल. तुमच्यातल्या बहुतेकांचा पिंड क्रिकेटचा आहे हे मला माहितीये, पण आकड्यांची गोडी आपल्याला क्रिकेटनंच लावली ना, आणि बेसबॉललासुद्धा ती क्रिकेटनंच लावलीये. हेन्री चॅडविक म्हणून एक गृहस्थ होते, १८२४ साली इंग्लंडात एक्सेटरला जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आले, न्यूयॉर्कच्या पेपरांत क्रिकेटच्या मॅचेस कव्हर करायचे, पुढं बेसबॉलच्या प्रेमात पडले आणि क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरून त्यांनी बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बसवला. त्यामुळं हा विषय आपल्याला अगदीच परका नाहीये.

आता थेट १९८५ सालात जाऊ. ऑक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी, बॅटर पीट इन्काव्हिलिया. त्या एका सीझनमध्ये ह्या पोरानं ७५ मॅचेसमध्ये ४८ होमरन (बॉल थेट कुंपणाबाहेर, आपल्या सिक्सरसारखा) मारले आणि १४३ रन्स बॅटिंग करून घरी आणले, म्हणजे त्याच्या फटक्यांवर १४३ जण सगळे बेस फिरून होम प्लेटला, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागी, पोचले. अमेरिकन कॉलेजच्या वरच्या पातळीवर, ज्याला डिव्हिजन वन म्हणतात, तिथं हे दोन्ही रेकॉर्ड आजतागायत कुणाला मोडता आलेले नाहीत.

पण मला त्याहून जास्त आवडतो तो तिसरा आकडा, आणि तो कसा निघतो ते जरा सावकाश बघू, कारण बॅटिंगचं सगळं गणित त्यात येतं. इन्काव्हिलियाचे त्या वर्षी हिशोबात धरलेले टर्न २५०. त्यातले हिट, म्हणजे बॉल मारून निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोचणं, ११६. भागा ११६ ला २५० नं, आलं ०.४६४, हे झालं बॅटिंग ॲव्हरेज. आता ह्यात एक गोची आहे, की साधा एका बेसचा हिट आणि कुंपणाबाहेर मारलेला होमरन ह्या दोघांची किंमत इथं सारखीच, एक म्हणजे एक. म्हणून दुसरं माप काढलं, स्लगिंग. त्यात एका बेसच्या हिटला १, दोन बेसच्याला २, तीनच्याला ३ आणि होमरनला ४. अशी बेरीज केली तर इन्काव्हिलियाचे बेस झाले २८५. म्हणजे टर्न २५० आणि बेस २८५, प्रत्येक वेळी बॅट घेऊन उभा राहिला की सरासरी एकापेक्षा जास्त बेस! स्लगिंग १.१४०. आउट झाला ते सगळे टर्न धरूनसुद्धा. प्रोफेशनल बेसबॉलमध्ये ०.५०० स्लगिंगचा माणूस तगडा मानतात, त्यावरून अंदाज घ्या.

आता ह्यावर लगेच कुणीतरी म्हणणार की अहो ती ॲल्युमिनियमची बॅट होती. बरोबरच आहे, होतीच. लाकडाच्या बॅट मोडतात, कॉलेजांना दरवर्षी नव्या घेणं परवडत नव्हतं, म्हणून १९७४ पासून कॉलेजमध्ये धातूच्या बॅटला परवानगी मिळाली. धातूची बॅट आतून पोकळ, भिंत पातळ. बॉल आदळला की ती भिंत क्षणभर आत दबते आणि परत उसळते, त्यामुळं बॉल लाकडापेक्षा जोरात सुटतो, शिवाय बॅट फिरवायला हलकी, चुकीच्या जागी बॉल लागला तरी लाकडासारखी हातात मोडत नाही, उलट तोही हिट निघून जातो. पुढच्या काळात ह्या बॅट इतक्या तापल्या की १९९८ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे कॉलेजांच्या देशपातळीवरच्या अंतिम स्पर्धेच्या, फायनलचा स्कोअर होता सदर्न कॅलिफोर्निया २१, ॲरिझोना स्टेट १४. बेसबॉलची फायनल आहे ही, अमेरिकन फुटबॉलची नाही. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, अंगावर इतक्या वेगानं बॉल परत येणं धोक्याचंही व्हायला लागलं होतं.

मग नियम कडक होत गेले आणि २०११ पासून नवी चाचणी लागू झाली, बॉल आदळून परत किती उसळतो ते मोजायचं आणि ते माप ०.५० च्या वर जाता कामा नये. बॅट धातूचीच, पण वागायला बरीचशी लाकडासारखी. आणि मग काय झालं बघा, २०१० मध्ये सगळ्या देशाचं बॅटिंग ॲव्हरेज होतं ०.३०५, एका वर्षात ते आलं ०.२८२ वर. प्रत्येक टीममागं मॅचला होमरन होते ०.९४, ते झाले ०.५२. तीच पोरं, तीच कॉलेजं, तीच मैदानं, फक्त बॅट बदलली! २०१४ पर्यंत तर होमरन ०.३९ पर्यंत घसरले, लोकं कंटाळली, मग २०१५ ला बॉल बदलला, शिवण कमी उंचीची केली, त्यानं हवेचा अडथळा कमी होतो आणि तोच फटका साधारण २० फूट लांब जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजच्या बॅटरचा आकडा कधीही सुटा वाचू नका, आधी साल विचारा, मग बॅट, मग मैदान, मग समोर बॉलिंगला, म्हणजे पिचिंगला कोण होतं ते. आणि मग त्याच वर्षी त्याच्या बरोबरीच्या पोरांनी काय केलं ते बघा. इन्काव्हिलियाच्या हातात जी बॅट होती तीच तेव्हा देशातल्या शेकडो पोरांच्या हातात होती, त्यांना कुणी अडवलं होतं ४८ मारायला? त्याच्या आधीचा विक्रम होता फ्लोरिडा स्टेटच्या जेफ लेडबेटरचा, १९८२ चा, ४२ होमरन. त्यामुळं बॅटचं कारण सांगून ४८ खोडून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही.

उलट बाजूनं बघा. २०१३ साली युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगोच्या क्रिस ब्रायंटनं ३१ होमरन मारले. ४८ पुढं ३१ म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हे ते वर्ष आहे की जेव्हा बॅट थंड होती, बॉल उंच शिवणीचा होता, ओमाहा शहरात होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये अख्ख्या स्पर्धेत, सगळ्या टीम मिळून, फक्त ३ होमरन पडले होते! तीन! आणि त्या वर्षी हा एकटा पोरगा सीझनमध्ये ३१ मारतो, देशातल्या कितीतरी टीमचे पूर्ण सीझनचे होमरन त्याच्या एकट्यापेक्षा कमी होते. मला विचाराल तर ब्रायंटचे ३१ मी इन्काव्हिलियाच्या ४८ च्या शेजारीच ठेवीन, खाली नाही.

मैदानाचं सांगायचं राहिलं. डिव्हिजन वनमध्ये एका सीझनच्या सर्वात मोठ्या ॲव्हरेजचा रेकॉर्ड आहे ०.५५१, कीथ हॅगमन, न्यू मेक्सिको, १९८०. म्हणजे दोन टर्नमधला एक हिट, त्याच्याही वर. आता न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटी आहे अल्बुकर्कीला, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंच, हवा विरळ. विरळ हवेत बॉल लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह बॉल नीट वळत नाही, दोन्हीकडून फायदा बॅटरचाच. पण त्याच हवेत न्यू मेक्सिकोकडून कितीतरी पोरं खेळली आणि ०.५५१ एकाचंच आहे. हॅगमन पुढं मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च प्रोफेशनल लीगमध्ये, एकही मॅच खेळला नाही. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांचं काय झालं? डिसेंबर १९४८, पुणं, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ कमी असताना समोरची टीम खेळायलाच उतरली नाही, आणि एवढं करून एकही टेस्ट नशिबात नाही. काठियावाडची बॉलिंग कशी होती ह्यावर लोक बोलतात, बोलू देत, पण चारशे त्रेचाळीस रन्स उभं राहून करायला लागतात हो.

आता एक बारीक गोष्ट, जी टीव्हीवर मॅच बघताना लक्षातच येत नाही. हिट म्हणजे काय हे कोण ठरवतं? बॅटरनं जमिनीलगत बॉल मारला, शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरनं, तो अडवायचा प्रयत्न केला, हातातून सुटला, बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप. हा हिट, की फील्डरची एरर? एरर दिली तर बॅटर बेसवर पोचूनही त्याच्या ॲव्हरेजसाठी तो टर्न आउट झाल्यासारखाच धरतात. आणि हे ठरवतो ऑफिशियल स्कोअरर, जो कॉलेजच्या मॅचमध्ये सहसा यजमान कॉलेजनंच नेमलेला असतो. प्रेस बॉक्समध्ये बसलेला एक माणूस, काही सेकंदांत निर्णय. मी काही त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाहीये, काम अवघडच आहे, पण हिशोब बघा. कॉलेजचा रेग्युलर सीझन ५६ मॅचेसचा, म्हणजे एका बॅटरचे धरा २५० टर्न. ७५ हिट असले तर ॲव्हरेज ०.३००. ह्यात फक्त ५ निर्णय इकडचे तिकडं झाले आणि ८० हिट झाले, तर ०.३२०. नजरेला केवढा फरक दिसतो, आणि पोराच्या खेळात फरक शून्य.

आणि म्हणूनच रॉबिन व्हेंचुराची स्ट्रीक मला इतकी थोर वाटते. तोही ऑक्लाहोमा स्टेटचाच, साल १९८७. सलग ५८ मॅचेसमध्ये किमान एक हिट. आधीचा रेकॉर्ड होता विचिटा स्टेटच्या फिल स्टीव्हन्सनचा ४७ चा. मेजर लीगमध्ये जो डिमॅजिओचा १९४१ चा ५६ मॅचेसचा रेकॉर्ड जगप्रसिद्ध आहे, त्याच्याही दोन पुढं. रोज सुरुवात शून्यापासून, काल चार हिट मारले त्याचा आज काही उपयोग नाही, वॉक, म्हणजे पिचरच्या चार वाईट बॉलमुळं फुकटचा पहिला बेस, मिळाला तर तो हिट धरत नाहीत, मॅचमध्ये टर्न चार-पाचच. शेवटी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये स्टॅनफर्डसमोर ती थांबली, आणि त्याच स्टॅनफर्डनं पुढं फायनलमध्ये ऑक्लाहोमा स्टेटला ९–५ हरवून विजेतेपदही नेलं.

आता समोर पिचर कोण हा मुद्दा. कॉलेजच्या महत्त्वाच्या सिरीज शुक्रवार, शनिवार, रविवार अशा असतात, शुक्रवारी समोरच्या टीमचा हुकमी पिचर. मधल्या मंगळवारी-बुधवारी जवळपासच्या एखाद्या छोट्या कॉलेजशी मॅच, तिथं बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे पिचर. तेव्हा एखाद्याचं ॲव्हरेज ०.३८० दिसलं की आधी बघायचं की हे मंगळवारचं आहे की शुक्रवारचं. रिकी वीक्सचं उदाहरण घ्या. सदर्न युनिव्हर्सिटी, लुइझियानातल्या बॅटन रूजची, कृष्णवर्णीयांची जुनी नावाजलेली संस्था, पण तिच्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातलं, पिचिंग काही देशात पहिल्या नंबरचं नव्हतं. तिथं वीक्सनं पूर्ण कॉलेज करिअरमध्ये ०.४७३ ॲव्हरेज ठेवलं, जो डिव्हिजन वनचा रेकॉर्ड आहे, २००२ आणि २००३ असं दोन्ही वर्षं देशात पहिला. लोक म्हणायचे समोर कोण आहे बघा. पण जाणकारांनी ॲव्हरेजसोबत त्याचे हात बघितले, बॅटचा वेग बघितला, आणि २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, मिलवॉकीनं त्याला देशात दुसऱ्या नंबरवर उचललं. मेजर लीगमध्ये त्याचं ॲव्हरेज राहिलं ०.२४६, पण तो २०११ ला ऑलस्टार टीममध्येही होता. दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त वेगवेगळ्या पिचरसमोरचे.

आजकाल कॉलेजच्या बॅटरचे तीन आकडे एकत्र सांगतात, ॲव्हरेज, ऑन-बेस आणि स्लगिंग. मधला ऑन-बेस तुम्ही नक्की बघा, कारण त्यात वॉक धरतात आणि बॉल अंगावर लागून मिळालेला बेसही धरतात, म्हणजे पोराला चांगला बॉल आणि वाईट बॉल ओळखता येतो का हे तिथं कळतं. २०२४ साली ओरेगन स्टेटचा ट्रॅव्हिस बझाना, मूळचा सिडनीचा, लहानपणी क्रिकेटही खेळलेला, त्याचे आकडे ऐका: ॲव्हरेज ०.४०७, ऑन-बेस ०.५६८. एवढा फरक का? तर ७६ वॉक. नको तो बॉल त्यानं सोडला. ऑफस्टंपबाहेरचा बॉल सोडणं किती अवघड हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि इथं तर सोडण्याचेसुद्धा मार्क मिळतात. २८ होमरनही मारले. क्लीव्हलंडनं त्याला त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये देशात पहिल्या नंबरवर घेतलं, असा मान मिळालेला तो पहिलाच ऑस्ट्रेलियन. त्याच वर्षी जॉर्जियाच्या चार्ली काँडननं ०.४३३ ॲव्हरेज आणि ३७ होमरन, नव्या बॅटच्या काळातले सर्वात जास्त. बॉल आता सपाट शिवणीचा आहे, हे मात्र ब्रायंटशी तुलना करताना ध्यानात ठेवायचं.

एका मॅचचं सांगतो आणि थांबतो. ९ मे १९९९, फ्लोरिडा स्टेट विरुद्ध मेरीलंड, बॅटर मार्शल मॅकडूगल. पहिल्या टर्नला एका बेसचा साधा हिट. मग होमरन. पुन्हा होमरन. असे लागोपाठ सहा! सात टर्न, सात हिट, १६ रन्स आणले, बेस पंचवीस, मॅच २६–२. मेजर लीगमध्ये एका मॅचमध्ये चारपेक्षा जास्त होमरन आजवर कुणालाच जमलेले नाहीत. समोरचं पिचिंग त्या दिवशी दुबळं होतं, बॅटही गरम काळातली, मान्य. पण महिनाभरात ओमाहाला, देशातल्या उत्तम टीमसमोर, फायनल हरूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला तो हाच मॅकडूगल. पुढं मेजर लीगमध्ये त्याला टेक्सस रेंजर्सकडून २००५ मध्ये फक्त १८ मॅचेस मिळाल्या.

ज्यांची मुलं-नातवंडं तिकडं बेसबॉल खेळतायत किंवा ज्यांना नव्यानं बघायला सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी एक शेवटचं सांगतो, कॉलेजचा सीझन फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि जूनमध्ये ओमाहाला संपतो, आणि त्यानंतर उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉड लीग असते. तिथं हीच कॉलेजची पोरं लाकडाच्या बॅटनं खेळतात, समोर देशभरातले निवडक पिचर, म्हणून प्रोफेशनल टीमसाठी खेळाडू हेरणारे स्काउट लोक वह्या घेऊन तिथं बसलेले असतात. एखादा बॅटर आवडला तर त्याचे कॉलेजचे आकडे आणि केप कॉडचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा, फार मजा येते. नमस्कार.