पैसे कट झाले, आलेच नाहीत

(दृश्य: एटीएमचा पडदा. ‘व्यवहार सुरू आहे, कृपया थांबा.’)

आत नोटा मोजल्याची खरखर ऐकू येते आणि थांबते. पडद्यावर दिलगिरीची एक ओळ उमटते. नोटा येत नाहीत, पण खिशातला फोन वाजतो: रक्कम खात्यातून वजा.

याला कारण आहे कामाचा क्रम. आपण आकडा टाकला की विचारणा आपल्या बँकेकडे जाते. बँक आधी खात्यातून रक्कम वजा करते, मग होकार देते आणि त्यानंतर नोटा सुटतात. होकारानंतर नोट अडकली किंवा लाइन गेली, तर ‘पैसे दिले नाहीत, नोंद फिरवा’ असा निरोप यंत्रानं उलट धाडायचा असतो. तो पोहोचला तर पैसे लगेच जमा. वाटेत हरवला, तर दोन्हीकडचे हिशेब जुळेपर्यंत बसा वाट बघत.

(दृश्य: उघडलेलं यंत्र, नोटांच्या कॅसेट, म्हणजे एकेका किमतीच्या नोटांचे कप्पे.)

बाहेर पडताना प्रत्येक नोटेची जाडी तपासली जाते. दोन चिकटून आल्या की त्या नाकारलेल्या नोटांच्या डब्यात. पण नोट केवढ्याची आहे, हे नोटा देणारं यंत्र सहसा वाचत नाही. ती कोणत्या कॅसेटमधून आली एवढंच त्याला ठाऊक. भरणाऱ्यानं कॅसेटची अदलाबदल केली, तर यंत्र अगदी बरोबर मोजून चुकीची रक्कम हातात ठेवतं.

आणि हे सगळं यंत्र नोंदवत असतं. किती नोटा सुटल्या, किती डब्यात पडल्या, किती वाजता. न दिलेले पैसे रोकड मोजताना जास्तीचे म्हणून दिसतात. मग ‘पैसे मिळाले नाहीत कशावरून?’ हे ग्राहकाला का विचारायचं? पुरावा त्या पेटीत आहे आणि किल्ली बँकेकडे.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

२७ जून १९६७. लंडनच्या एनफिल्ड भागात एका बँकेच्या भिंतीत नोटा देणारं यंत्र बसलं. जगातलं पहिलं म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. कार्ड नव्हतं, कागदी व्हाउचर घालावं लागे. शनिवारी बँक बंद झाल्यावर पोहोचलो आणि ही कल्पना सुचली, असं त्या यंत्रामागचे जॉन शेफर्ड-बॅरन सांगत. (जन्म शिलाँगचा बरं का!)

आपलेच पैसे हवे तेव्हा मिळावेत, इतकीच मागणी होती.

आता शुल्क. दुसऱ्या बँकेचं यंत्र वापरलं की आपली बँक त्या बँकेला दर व्यवहारामागे पैसे मोजते आणि पुढे आपल्याकडून वसूल करू शकते. हे एक वेळ पटतं. नोटांची ने-आण, वीज, राखण फुकट होत नाही. पटत नाही तो किमान शिल्लकेचा दंड. खात्यात पैसे कमी, म्हणून त्यातलेच आणखी कापायचे! काही बँका तर शिल्लक अपुरी म्हणून नाकारलेल्या व्यवहाराचेही पैसे लावतात.

(दृश्य: तक्रारीचा अर्ज.)

शुल्क कापायला कुणी अर्ज करत नाही. परतावा आपणहून आला नाही, तर मात्र यंत्राचा क्रमांक, वेळ, पावती, सही. तेव्हा पैसे परत आले की स्टेटमेंट पुन्हा एकदा तपासा. फसलेल्या व्यवहारावर शुल्क लागलं असेल, तर तेही सोबत आलंच असेल असं धरून चालू नका. त्याची तक्रार वेगळी करावी लागू शकते.