ओळख नसलेला बारकोड वाचायचा कसा?

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे. पण आधी मला एक राग काढू द्या.

आमच्या सोसायटीतले एक काका दुकानात चष्मा कपाळावर चढवून बिस्किटाचा पुडा उलटा करून बघतात. बारकोडखालच्या आकड्यांच्या सुरुवातीला 890 दिसलं की पुडा पिशवीत, नाही दिसलं की ‘परदेशी!’ म्हणून परत फळीवर. हे ज्ञान व्हॉट्सअ‍ॅपवरचं. हसताय, म्हणजे तुम्हीही पुढे ढकललेलं दिसतंय. अहो, 890 चा अर्थ एवढाच, की तो क्रमांक जीएसवन इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून, घेतलाय. माल कुठे बनला, हे त्यावरून कळत नाही. इथल्या कंपनीने व्हिएतनाममध्ये छत्र्या शिवून घेतल्या, तरी वर 890 असू शकतं. मी काकांना विचारलं, तुमच्या कपाटातल्या पुस्तकांचे बारकोड 978 ने सुरू होतात, तो कुठला देश? काका गप्प. पुस्तकांच्या धंद्यात त्याला गमतीने ‘बुकलँड’ म्हणतात. सीमाप्रश्न नसलेला देश!

आणि काका ज्या 8 वर विसंबतात, तो रेघांत काढलेलाच नसतो. खाली आकडे 13, रेघा 12 आकड्यांच्याच. 1974 साली ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमवर पहिल्यांदा मशीन फिरलं, तो अमेरिकेचा बारकोड, यूपीसी, 12 आकडी. पुढे आपल्या पुड्यांवरचा 13 आकडी बारकोड, ईएएन, आला, तरी रुंदी तीच राहिली, सारख्या रुंदीच्या 95 बारीक घरांची. मग तेरावा आकडा बसवायचा कुठे? तर डावीकडच्या सहा आकड्यांना प्रत्येकी दोन वळणं दिली, म्हणजे तोच आकडा रेघांत काढायच्या दोन तऱ्हा, एल आणि जी. ओळीने एल-जी-एल-जी-जी-एल आलं की समजायचं, पहिला आकडा 8. पुस्तकांवरच्या 9 साठी एल-जी-जी-एल-जी-एल. मला हे अजून भारी वाटतं, पण अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत.

तर मूळ विषय, पटकन. अनोळखी लेबल भिंगाखाली धरा आणि रेघा किती जाडीच्या आहेत ते बघा. बारीक आणि जाड अशा दोनच असतील, तर आधी कोड 39 या बारकोडच्या प्रकाराचा संशय घ्या. त्यात प्रत्येक अक्षराला पाच रेघा, चार फटी, आणि या नवांपैकी तीन रुंद. बारीक रेघ, लगेच रुंद फट, मग बारीक रेघ, बारीक फट, जाड रेघ, बारीक फट, जाड रेघ, बारीक फट, बारीक रेघ: ही चांदणी (*), कोड 39 ची सुरुवातीची आणि शेवटची खूण. ती दोन्ही टोकांना सापडली की काम फत्ते, बाकीचं कोड 39 च्या अक्षरांच्या तक्त्यावरून लावता येतं. प्रत्येक अक्षराला चार रेघा, तीन फटी असतील तर तो दुसरा प्रकार, कोडाबार; वाचनालयांची जुनी लेबलं, पूर्वीच्या रक्ताच्या पिशव्या. खोक्यांवर बहुधा आयटीएफ हा प्रकार, एक आकडा रेघांत, त्याचा जोडीदार फटींत.

जाड्या चार असल्या तर ईएएन किंवा कोड 128. त्या 128 मधला, वाचन बरोबर आहे का ते तपासायला 103 ने भागायचा हिशेब आज राहिलाच.

आणि स्कॅनर ‘टूं’ करत नाही म्हणून लेबल फाडू नका. पुष्कळ यंत्रांत कोडाबार बंदच ठेवलेला असतो. तो चालू करायचा बारकोड यंत्राच्या माहितीपुस्तिकेतच छापलेला असतो, तेवढा आधी स्कॅन करायचा.