दहाव्या आठवड्याची रक्ततपासणी आणि एफ फॉर्म

नमस्कार श्रोतेहो.

दिवस राहिल्याला दोन-अडीच महिने झाले की घरातलं कुणीतरी हळूच विचारतंच, 'आता कळतं का हो, काय आहे ते?' पूर्वी हा प्रश्न पाचव्या महिन्यात यायचा. आता तिसरा सरायच्या आत येतो, कारण तपासण्याच लवकर होऊ लागल्या आहेत. या तपासण्या कशासाठी असतात, त्यांत काय दिसतं, काय चुकतं, कायदा काय म्हणतो आणि कुणी 'सांगतो' म्हणाला तर काय करायचं, ते आज पाहू.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं. बाईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. पुढे त्यात बदल होत नाही. तरीही दुसऱ्या महिन्यात 'मुलगा होण्याची पुडी' दुधातून देणारे लोक आजही आहेत. सहावा ते दहावा आठवडा म्हणजे बाळाचं हृदय, हातपाय, टाळू घडण्याचा काळ, आणि नेमकी तेव्हाच ही पुडी पोटात जाते. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला. ती घेतलेल्या बायकांच्या बाळांत जन्मजात व्यंगं आणि मृत जन्म जास्त आढळले, आणि काही पुड्यांत संप्रेरकासारखं काम करणारी द्रव्यं सापडली. पुडी घेतली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. पुढच्या सोनोग्राफीत काय बारकाईनं बघायचं ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.

आता सोनोग्राफी. पहिली साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात होते. गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत का, एक आहे की जुळी, आणि तारीख कोणती, एवढंच तिच्यात बघतात. दुसरी, जिला एनटी स्कॅन म्हणतात, ती अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत. बाळ तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असतं. त्याच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात, सोबत आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात, आणि दोन्ही मिळून डाऊन सिंड्रोमचा, म्हणजे २१ क्रमांकाचं गुणसूत्र जास्त असल्यानं होणाऱ्या जन्मजात विकाराचा, धोका किती ते काढतात. ही मुदत चुकली तर ते माप निरुपयोगी होतं, म्हणून तारीख सांभाळा. तिसरी, अठरा ते वीस आठवड्यांची, सगळ्यात मोलाची. हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, मेंदू, ओठ, सगळं तिच्यात तपासलं जातं. काही गंभीर निघालं तर दुसरं मत घ्यायला वेळ हवा, म्हणून ती विसाव्या आठवड्याच्या आत उरकावी. पैसे वाचवायला एखादी सोनोग्राफी गाळायचीच वेळ आली तरी ही गाळू नका.

आणि नवी आली आहे ती रक्ततपासणी, एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. १९९७ मध्ये डेनिस लो यांच्या गटानं मुलगा पोटात असलेल्या आईच्या रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे दाखवले, आणि तिथून ही वाट उघडली. दहा आठवडे झाले की आईच्या दंडातून साधारण दहा मिलिलिटर रक्त घेतात आणि २१, १८ व १३ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची संख्या बिघडली आहे का ते पाहतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. रिपोर्ट 'जास्त धोका' असा आला तर गर्भजलाची तपासणी करूनच खात्री करावी लागते. नुसत्या या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. भारतातल्या रिपोर्टात बाळाचं लिंग छापलेलं नसतं. अमेरिकेत ते सर्रास कळवतात, त्यामुळे तिकडची आपली नातेवाईक मंडळी दहाव्या-बाराव्या आठवड्यातच व्हिडिओ कॉलवर सांगून टाकतात. तिथे ते कायदेशीर आहे. पण इथून रक्ताचा नमुना बाहेर पाठवून तेच विचारणं म्हणजे गर्भलिंगनिदान करवून घेणंच, आणि तो गुन्हा आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण हिच्यावरून जीव जातात. बोटातून रक्त काढायची जी किट विकली जातात, ती फक्त वाय शोधतात. वाय सापडला की 'मुलगा', नाही सापडला की 'मुलगी'. पण वाय न सापडण्याचं कारण मुलगी हेच असेल असं नाही. दिवस कमी भरलेले असले, आईचं वजन जास्त असलं, किंवा नमुन्यात वारेचा डीएनए चारेक टक्क्यांपेक्षा कमी आला, तरी वाय सापडत नाही. म्हणजे फसलेली तपासणी 'मुलगी' म्हणून वाचली जाते. उलटही होतं: नमुना घेताना घरातल्या पुरुषाचा हात लागला, त्याच्या कातडीतला वाय मिसळला, की 'मुलगा'. जुळ्यातलं एक सुरुवातीलाच विरघळलं असेल, तर त्याचाही डीएनए काही आठवडे रक्तात राहतो. सोनोग्राफीतही नवव्या आठवड्यापर्यंत मुलगा-मुलगी बाहेरून सारखेच दिसतात, आणि अकराव्या-बाराव्यात छातीठोकपणे सांगणारा पुष्कळदा अंदाजच बांधत असतो.

चोरून लिंग सांगणाऱ्या एजंटकडे जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. तिथे रिपोर्ट नाही, पावती नाही. गाडीत ठेवलेलं लहान मशीन, कुठल्यातरी शेतातली खोली, आणि नंतर फोनवर 'पेढे' किंवा 'बर्फी' एवढा एकच शब्द. 'मुलगी' असं खोटं सांगितलं तर पुढच्या गर्भपाताचेही पैसे मिळतात, आणि त्यानंतर खरंखोटं तपासायला काही उरत नाही. गर्भपातानंतर बाई सावरायच्या आतच तिला परत गाडीत बसवतात. रात्री रक्तस्राव वाढला तर दवाखान्यात खरं सांगायची चोरी. जीव तिचाच जातो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८०च्या दशकात मुंबईत लिंग सांगणाऱ्या गर्भजल तपासणीच्या जाहिराती उघड लागत: आज पाचशे खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा. पन्नास हजार म्हणजे हुंडा. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते उभे राहिले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६ मध्ये. पुढे सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये कायदा कडक होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. तरी आकडे बघा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला ८०७. कायदा होता आणि मशीनही गावोगाव पोचत होतं. मशीन पुढे गेलं.

म्हणून सोनोग्राफीला गेल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय व्हायला हवं ते लक्षात ठेवा. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. ते पाच वर्षांसाठी असतं, तारीख बघा. 'इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही' असा फलक मराठीत असायलाच हवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मग येतो एफ फॉर्म. त्यात नाव, वय, पत्ता, किती मुलगे किती मुली, कुणी पाठवलं, किती आठवडे आणि सोनोग्राफी कोणत्या कारणासाठी, हे सगळं भरायचं असतं. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं बाई लिहून देते. मी लिंग ओळखलेलं नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही, असं डॉक्टर लिहून देतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, अंगठाही देऊ नका. सोनोग्राफी केंद्राला हे कागद कमीत कमी दोन वर्षं जपावे लागतात आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पाठवावा लागतो.

'एक रकाना राहिला म्हणून गुन्हा कसला?' असा डॉक्टरांच्या संघटनेचा युक्तिवाद होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला नाही, आणि ते योग्यच झालं. तोंडानं सांगितलेल्या शब्दाचा पुरावा कुठून आणणार? हातात राहतो तो हा फॉर्मच. जिथे फॉर्म न भरता झोपवतात, तिथून उठून निघा.

शिक्षा अशी: लिंग सांगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पन्नास हजार. दोषी ठरलेल्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय परिषदेच्या यादीतून पाच वर्षं काढतात, दुसऱ्यांदा कायमचं. तपासणी करवून घेणाऱ्या नवऱ्याला, सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे, आपसात मिटवता येत नाही. पण जिला भाग पाडलं त्या बाईला ही शिक्षा नाही. उलट, वेगळं काही सिद्ध होईपर्यंत नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं असंच कायदा धरतो. ऐकणाऱ्या बहिणींनो, तक्रार केली तर आपणच अडकू, ही भीती मनातून काढा.

आणखी एक गैरसमज. गर्भपात आणि गर्भलिंगनिदान हे दोन वेगळे विषय आहेत. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार, २०२१च्या दुरुस्तीनंतर, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात कायदेशीर आहे, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लिंग तपासणीच्या धाकापोटी बायकांना सुरक्षित गर्भपात नाकारणं हाही अन्यायच आहे.

तक्रार कुठे करायची? जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. कायद्याच्या भाषेत ते 'समुचित प्राधिकारी'. अर्जात सोनोग्राफी केंद्राचं नाव, दिवस, वेळ, गाडीचा नंबर, कुणी किती पैसे मागितले, हे लिहा आणि पोच घ्या. काहीच हललं नाही, तर स्वतः न्यायालयात जाण्याचा हक्क कुठल्याही नागरिकाला आहे; फक्त त्याआधी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस प्राधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाव उघड करायचं नसेल तर राज्याचा टोल फ्री क्रमांक आहे. कागद-पेन घ्या: १८०० २३३ ४४७५. पुन्हा सांगतो, १८००, २३३, ४४७५. खबर खरी ठरून कारवाई झाली तर राज्य सरकारची बक्षीस योजनाही आहे.

नमस्कार.